मागच्या सीटवर बाबा: पुणे ते गोवा, समुद्राच्या कडेनं

प्रश्न: मी ३४ वर्षांची, कोथरूडला राहते. माझ्याकडे २०२२ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मोटरसायकल आहे, स्पोकच्या चाकांची. एकटीनं महाबळेश्वर, दिवेआगर वगैरे करून झालंय. बाबा ६७ वर्षांचे आहेत. ऐंशीच्या दशकात त्यांच्याकडे बुलेट होती, ती विकल्याची हळहळ अजून आहे. डिसेंबरात त्यांना मागे बसवून कोकणातल्या सागरी रस्त्यानं गोव्याला न्यायचा विचार आहे. तीन दिवसांत पोहोचायचं, म्हणजे रोज दोनशे किलोमीटर. बाबांना मधुमेह आणि बीपी आहे, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. डावा गुडघा जरा दुखतो. माझं वजन ५६ किलो, त्यांचं ८१. भाऊ म्हणतो, हा वेडेपणा आहे, कार घेऊन जा. बाबा म्हणतात, मधूनमधून मी चालवीन. नेऊ का? नेलं तर तयारी काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: न्या. तीन दिवसांचं गणित तेवढं मोडा.

पत्रातला ६७ हा आकडा आम्हाला फारसा खटकला नाही. त्या वयाची माणसं देहूपासून पंढरपूरपर्यंत पायी जातात. खटकले ते ५६ आणि ८१. मागे बसणारा चालवणाऱ्यापेक्षा २५ किलोनं जड असला की गाडी वेगळी वागायला लागते. तुमची क्लासिक मुळातच १९५ किलोची. त्यात बाबांचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येणार. मग पुढचं चाक हलकं पडतं, हँडल वळणावर तरंगल्यासारखं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि थांबताना गाडी एका बाजूला कलली तर ती तुमच्या एका पायावर तोलून धरणं अवघड होतं. धावत्या गाडीवर याचा त्रास कमी. पेट्रोलपंपावर, जेट्टीच्या उतारावर, वाळू पसरलेल्या वळणावर गाडी उलटी फिरवताना आणि बाबा चढता-उतरताना गाड्या पडतात. वेग शून्य ते पाच, पण पाय खाली सापडला तर सहल तिथेच संपते.

म्हणून पहिला सराव चढण्या-उतरण्याचा. गुडघ्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण इथे तेच आडवं येतं. आपण गाडीवर डावीकडून चढतो. उजवा पाय पलीकडे टाकताना सगळा भार आणि वर पीळ डाव्या गुडघ्यावर पडतो. दुखलं की माणूस झटका देऊन चढतो, आणि त्या झटक्यानं गाडी डावीकडे ओढली जाते. उजवीकडून चढावं म्हणाल, तर तिकडे तापलेला सायलेन्सर असतो आणि रहदारीही त्याच बाजूनं. त्यापेक्षा गाडी ओट्याला लावा. देवळाची पायरी, फूटपाथ, हॉटेलचा कट्टा, फूटभर उंचीचं काहीही चालेल. कोकणात ओट्यांना तोटा नाही.

क्रम असा ठेवा. तुम्ही आधी बसायचं. साइड स्टँड वर, गाडी न्यूट्रलमध्ये, दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले, पुढचा ब्रेक घट्ट दाबलेला. बाबांनी ‘चढतोय’ म्हणायचं आणि तुम्ही ‘या’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. त्यांचा डावा हात तुमच्या डाव्या खांद्यावर, उजवा हात सीटच्या पलीकडच्या कडेवर. त्यामुळे भार मधोमध पडतो. फूटरेस्टवर पूर्ण वजन देऊन रिकिबीत उभं राहिल्यासारखं चढायचं नाही, कारण ८१ किलो गाडीच्या मध्यापासून एवढे बाहेर पडले की तुमचे पाय त्याला पुरणार नाहीत. बसून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून, ‘बसलो’ म्हटल्यावरच गिअर टाकायचा. उतरताना हेच उलट्या क्रमानं, इंजिन बंद करून. एरवी सिग्नलला तुम्ही थांबलात तरी बाबांनी पाय खाली टेकवायचे नाहीत. जुन्या बुलेटवाल्याला हे पटवणं जड जाईल. मागच्यानं मदत म्हणून टेकवलेला पाय गाडीला भलत्याच बाजूला ढकलतो हे त्यांना एकदा रिकाम्या पार्किंगमध्ये करून दाखवा. आणि एवढं करूनही गाडी तोलाबाहेर गेलीच, तर ओढून धरू नका. ब्रेक दाबून ठेवून तिला हळूहळू खाली जाऊ द्या. लेग गार्ड बसवलेला असेल तर पाय वाचतो. नसेल तर निघण्याआधी बसवा.

टॉप बॉक्स लावू नका. बाबांना पाय टाकता येणार नाही आणि वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे जाईल, म्हणजे पुढचं चाक आणखी हलकं. सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांमध्ये, खाली आणि सारखं वाटून, दोघांचं मिळून १२ ते १५ किलो. उजवी बॅग सायलेन्सरला टेकू नये म्हणून बॅगेखाली लोखंडी स्टे हवाच. तुमचे दोघांचे १३७ किलो, हेल्मेट-जॅकेट-बुटांचे सात-आठ, आणि हे सामान, अशी बेरीज करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल भाराशी ताडून पाहा. बेरीज पुढे गेली तर कपडे कमी करा. लॉज-घरगुती निवासात कपडे धुऊन वाळतात.

आता गाडी. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला सहा टप्प्यांचं प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग कमी-जास्त ताठ करायची सोय. एकटी फिरताना तुमचं ते बहुधा पहिल्या-दुसऱ्यावर असेल. टूलकिटमधल्या सी-पान्यानं ते पाचव्यावर घ्या, दोन्ही बाजूंना सारखं. खड्ड्यात मागून ‘ठाक्’ असा आवाज येत राहिला तर सहाव्यावर. त्यानंतर बाबांना बसवून चेन तपासा, कारण मागची बाजू दबली की चेनचा ढिलेपणा बदलतो. रिकाम्या गाडीवर घट्ट ओढलेली चेन दोघं बसल्यावर ताणते आणि स्प्रॉकेट खाते. हेडलाइटही दोघं बसल्यावरच, भिंतीसमोर गाडी उभी करून, खाली करून घ्या.

हवा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते, एकट्यासाठी वेगळी आणि मागे माणूस असताना वेगळी. दुसरा आकडा घ्या आणि हवा सकाळी टायर गार असताना भरा. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे कमी हवेचा प्रश्न जास्त गंभीर होतो: जड मागच्या चाकात हवा कमी असली की ब्रेक लावताना टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तसं फाटलेलं पंक्चर काढता येत नाही. व्हॉल्व्ह रिममधून तिरका बाहेर आलेला दिसला तर समजा, सुरुवात झालीय. मागच्या १८ इंची चाकाची एक आणि पुढच्या १९ इंची चाकाची एक, अशा दोन नव्या ट्यूब सोबत घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडे चाक खोलायचं कसब असतं, पण तुमच्या मापाची ट्यूब असेलच असं नाही. मागच्या ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना तुमच्याकडे आहे का, हेही घरीच बघा.

बाकी सुट्या भागांचं फार कौतुक नको. क्लच केबल एक, तीही पिशवीत न ठेवता जुन्या केबलच्या बाजूनं आत्ताच घालून दोन्ही टोकं झिप टायनं बांधून ठेवा. तुटली तर दहा मिनिटांत जोडता येते. क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, फ्यूज, चेन ल्यूब, हवेचा छोटा पंप. तुमच्या गाडीला किक नाही, आणि इंजेक्शनची असल्यामुळे बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही भरवसा नाही. चार वर्षांची मूळ बॅटरी असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या, शंका आली तर बदला. सर्व्हिसिंग निघायच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. गॅरेजमध्ये सैल राहिलेला बोल्ट पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये उघडा पडतो, तो ताम्हिणीत पडण्यापेक्षा पाषाणात पडलेला बरा.

बाबांची तयारी मात्र आठवड्याची नाही, महिन्याची. आधी डॉक्टर. ‘गाडीवर जाऊ का’ असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळेल. असं विचारा: मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड आहे का? कारण या गोळ्या जेवण लांबलं तरी साखर खाली नेतात. मेटफॉर्मिन एकटी असेल तर तो धोका बराच कमी. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, आणि ते प्रवासात कधी घ्यायचं? प्रोस्टेटची गोळी आहे का? तिनं एकदम उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून गाडीवरून उतरल्यावर दोन मिनिटं तिथेच उभं राहायचं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तसं लिहिलेली चिठ्ठी बाबांच्या खिशात हवी. मान, मणका आणि डोळे यांचंही विचारून घ्या, कारण हेल्मेटचं सव्वा ते दीड किलो वजन दिवसभर मानेवर असणार आहे. जिना चढताना छातीत भरून येणं, मध्यंतरी कधी घेरी येऊन पडणं, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन, मणक्याचं फ्रॅक्चर, यातलं काही निघालं तर तुमच्या भावाचं बरोबर. या वर्षी कारनं जा.

तपासणीत काही न निघाल्यास चाचणीच्या फेऱ्या. पहिली पानशेतपर्यंत, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. दुसरी वाई किंवा भोर, एक मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी परत. मुक्काम गाळू नका. अंगदुखी दुसऱ्या दिवशी सकाळी कळते, आणि बाबा दुखलं तरी सांगणार नाहीत. त्यांना विचारत बसू नका. गाडीवरून उतरल्यावर ते सरळ चालायला किती पावलं घेतात ते बघा. सात-आठ पावलांत चाल सुटली तर ठीक. बराच वेळ वाकूनच चालत राहिले तर थांबे कमी पडतायत, किंवा सीट बदलायला हवी.

मागची सीट लहान असते. नाना पेठेत सीट बनवणाऱ्याकडून तिचा फोम बदलून घेता येतो. मऊ नको, दाट हवा. मऊ फोम शोरूममध्ये सुखाचा वाटतो आणि पन्नास किलोमीटरनंतर खालचा पत्रा लागतो. हवेची गादी वापरणार असाल तर ती अर्धीच फुगवा. गच्च फुगवली की माणूस तिच्यावरून घसरतो. पाठीला टेकू, म्हणजे बॅकरेस्ट, बसवाच. चढ चढताना आणि गिअर बदलताना मागचा माणूस मागे जातो, आणि धरून-धरून हात भरून येतात.

थांबा दर ४५ मिनिटांनी, घड्याळ लावून. दुखलं की थांबू, असं ठरवू नका. मागचं फूटरेस्ट उंच असल्यानं गुडघा सगळा वेळ घट्ट दुमडलेला असतो, रक्त पोटरीत साचतं. पाच मिनिटं चालणं, दहा-पंधरा वेळा टाचा उचलणं, पाणी. पाण्यावर लक्ष ठेवा. वारंवार उतरायला लागू नये म्हणून ज्येष्ठ माणसं प्रवासात मुद्दाम पाणी पीत नाहीत, आणि बीपीच्या गोळ्यांवर असताना उन्हात हेच चक्कर आणतं. दर ४५ मिनिटांनी थांबायचंच आहे हे आधी सांगितलंत तर ते पाणी पितील. एसटी स्टँड आणि पेट्रोलपंपांची स्वच्छतागृहं लक्षात घेऊन थांबे ठरवा.

साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. पण हेल्मेट घातलेला माणूस तुमच्या पाठीमागे आहे, तुम्हाला यातलं काही दिसणार नाही. म्हणून बाबांना सांगून ठेवा, जरा कसंसं वाटलं की खांद्यावर जोरात दोन थापा, आणि तुम्ही जागा मिळताच थांबायचं, प्रश्न न विचारता. साखर ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, मग १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. बिस्किट त्या वेळी कामाचं नाही, त्याला पचायला वेळ लागतो. ते साखर वर आल्यावर. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उन्हात तापणाऱ्या बॅगेत ठेवू नका, आकडे चुकतात. गोळ्यांचे दोन संच करा, एक बॅगेत आणि एक तुमच्या जॅकेटमध्ये.

पायांत चामड्याचे, घोट्यावर येणारे बूट, सँडल अजिबात नको. सायलेन्सर उजवीकडे आहे आणि बाबांचा उजवा पाय त्याच्या जवळच असतो. मधुमेहात पावलांची जाणीव कमी झालेली असू शकते. बूट तापून कातडी भाजली तरी कळत नाही, आणि ती जखम महिना-महिना भरत नाही. रोज संध्याकाळी मोजे काढून दोन्ही पावलं, तळवे आणि बोटांमधल्या जागा उजेडात बघायच्या. बाबा कंटाळतील. तरी बघा.

हेल्मेट आयएसआयचं, तुमच्याइतकंच चांगलं. चष्मा असेल तर आधी हेल्मेट, मग चष्मा घालायचा, आणि काड्यांना आत खाच असलेलं हेल्मेट निवडायचं. श्रवणयंत्र असेल तर हेल्मेटमध्ये ते शीळ घालतं. इंटरकॉम घेण्याआधी हे तपासून पाहा. बोलण्याची सोय नसली तरी चालतं, थापांची खूण पुरते: एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. वळणावर बाबांनी तुमच्या आतल्या खांद्यावरून बघायचं, म्हणजे डावं वळण असेल तर डाव्या खांद्यावरून. तेवढ्यानं अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. चांगले जुने चालक मागे बसले की सरळ राहून गाडीला ‘सावरायला’ बघतात, आणि तुमची गाडी वळणाबाहेर जाते.

तुमच्याकडूनही मऊपणा हवा. ब्रेक लावताना बाबांचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला ‘टक्’ करून लागलं तर तुम्ही उशिरा आणि जोरात दाबलात. दोन्ही ब्रेक, लवकर, हळूहळू वाढवत. उतारावर ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. मागचा ब्रेक सतत पायाखाली राहिला की तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो.

आणि दुपारची झोप. मासळीचं ताट, भात आणि सोलकढीनंतर मागचा माणूस डुलक्या घेतो. पाठीवर हेल्मेट टेकलं आणि उचललंच गेलं नाही, तर ओळखा. त्यांना स्वतःला बांधून वगैरे घेऊ नका, गाडी पडली तर दोघं एकत्र फरपटता. एक ते साडेतीन गाडी बंद. मोठा टप्पा जेवणाआधी संपवा.

आता ‘मी चालवीन’. आधी लायसन्सची तारीख बघा. पन्नाशीनंतर मुदती आखूड होत जातात, पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच वर्षांचंच असतं, आणि वैद्यकीय दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, लागतो. कित्येकांची मुदत संपलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. लायसन्स चालू असलं तरी खरी अडचण पुढेच आहे. त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्याला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. तुमच्या गाडीत सगळं उलट: गिअर डाव्याला, पहिला खाली, बाकीचे वर, ब्रेक उजव्या पायाला. रिकाम्या मैदानात बाबा अर्ध्या तासात हे शिकतील आणि छान चालवतील. पण म्हैस आडवी आली की पाय विचार करत नाही. डावा पाय ब्रेक समजून गिअर लिव्हरवर आपटेल आणि उजवा रिकामा राहील. चाळीस वर्षांपूर्वीची सवय अशाच वेळी वर येते. म्हणून मागे तुम्हाला बसवून, सामानासकट, घाटात त्यांनी चालवायचं नाही, हे निघण्याआधीच स्पष्ट सांगा. हौस भागवायला गोव्यात भाड्याची बिनगिअरची स्कूटर घ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे परवान्याची. तिच्यावर दोन्ही ब्रेक हातात, पायांना काही कामच नाही. आणि सहलीआधी एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात क्लासिक त्यांच्या हातात द्या, एकट्याला. तुम्ही कडेला उभ्या राहा आणि सूचना करू नका.

रस्ता सहा दिवसांचा आखा. पहिला दिवस सगळ्यांत लांब: पौड, ताम्हिणी, विळे, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, १६५ किलोमीटरच्या आसपास. उजाडल्यावरच निघा, डिसेंबरात ताम्हिणीच्या झाडीतल्या वळणांवर सकाळी दव असतं आणि रस्ता ओला राहतो. दुसरा दिवस मुद्दाम छोटा: बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, सत्तरच्या आसपास. पहिल्या दिवशीची अंगदुखी याच दिवशी निघते. तिसरा दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी आणि गणपतीपुळे. किलोमीटर शंभर-एकशेदहाच, पण दोन फेऱ्यांची वाट बघणं धरून दिवस भरतो. चौथा आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी, पावस, जैतापूर, देवगड, सव्वाशेच्या आसपास. पाचवा कुणकेश्वर, आचरा, मालवण, जेमतेम साठ, दुपार मोकळी. सहावा वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, आणि तेरेखोलच्या फेरीनं केरी. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा, राहायला जागा मिळत नाही आणि अरुंद रस्त्यांवर कारच्या रांगा लागतात.

या रस्त्याच्या खोड्या वेगळ्या आहेत. वाडीतून जाणारा रस्ता एकेरी, वळण आंधळं, आणि समोरून एसटी आली की तिला सगळी रुंदी लागते: हॉर्न द्या आणि वळणाआधीच थांबायची तयारी ठेवा. कडेला जांभ्याची बारीक खडी असते, थांबताना पाय तिच्यावर पडला तर सरकतो, म्हणून पाय टेकवायची जागा आधी बघून थांबा. रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम टप्प्याटप्प्यानं चालू असल्यानं मध्येच खडी किंवा वळसा लागेल. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावांत भरून घ्या. टाकी तेरा लिटरची आहे, पण अर्ध्यावर आली की भरायची. चारनंतर उतरतं ऊन समोरून, उजव्या बाजूनं डोळ्यांत येतं आणि सहाच्या सुमाराला अंधारतं. साडेचारला मुक्कामी असा.

फेरीवर चढताना बाबांना आधी उतरवा. जेट्टीचा उतार भरतीच्या पाण्यानं ओला, शेवाळलेला असतो, आणि पुढे लोखंडी फळी. तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, ब्रेक न मारता सरळ चढा. बाबांनी माणसांच्या बाजूनं, कठडा धरून यायचं. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून स्टँडवर लावा आणि पोहोचेपर्यंत तिच्याजवळच उभ्या राहा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी मुक्कामावर विचारा.

कागदपत्रांत विम्याची पॉलिसी काढून वाचा. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती असेल तर मागे बसणाऱ्याला तीत सहसा संरक्षण नसतं; पॅकेज पॉलिसी, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणारी हवी. पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा गाडीच्या मालक-चालकाचा, म्हणजे तुमचा असतो. बाबांसाठी प्रवाशाचं वैयक्तिक अपघात संरक्षण जादा पैसे भरून घ्यावं लागतं. लायसन्स, आरसी, पीयूसी फोनमध्ये असतील तर ती रेंजशिवाय उघडतील अशी उतरवून ठेवा, किनाऱ्याला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. १०८ची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे. जिल्हा रुग्णालयं रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गासाठी ओरोसला, गोव्यात शिरल्यावर म्हापशाला. मुक्कामांची यादी आणि फोन नंबर भावाकडे द्या. विरोध करणाऱ्याला काम दिलं की विरोध अर्धा होतो.

परतीला सागरी रस्ता पुन्हा नको. सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून कोल्हापूर, तिथे मुक्काम. पुढचा कोल्हापूर-पुणे महामार्ग २३० किलोमीटरचा, कंटाळवाणा, ट्रकच्या वाऱ्याचा, आणि मागे बसलेल्याला तिथे बघण्यासारखं काही नाही. तेवढ्यासाठी बाबांना कोल्हापूरच्या स्टँडवर एसटीत बसवा. पासष्टच्या पुढे असल्यानं अर्धं तिकीट; आधार कार्ड त्यांच्या खिशात ठेवा, बॅगेत नको. मागचं प्रीलोड पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर आणा, हवा एकट्याच्या आकड्यावर घ्या, नाहीतर रिकामी गाडी महामार्गाच्या सांध्यांवर उसळत राहील.